रूट कॅनलनंतर दाढ ठणकतेय? पहिल्या तासापासून कॅप बसेपर्यंत काय करायचं

"नस काढली म्हणालात, मग दुखायलंय कसं काय?" रूट कॅनल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी येणारे बहुतेक फोन याच प्रश्नानं सुरू होतात. मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवतो, आणि मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. पैसे मोजले, तास-दीड तास आ वासून बसलो, नस गेली आणि तरी दाढ ठणकतेच म्हटल्यावर माणूस वैतागणारच. त्यात शेजारचा कोणी "एखादी नस राहिली असंल आत" म्हणून जातो आणि जिवाला घोर लागतो.

उत्तर असं की, आता दुखतंय ते दाताच्या आतलं नाही, बाहेरचं आहे. दात हाडात खिळ्यासारखा थेट ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचं एक पातळ अस्तर असतं, जाडी एका मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी. चावताना खडा आला की क्षणात कळतं ते याच अस्तरामुळे. त्याला स्वतःच्या नसा आहेत आणि रूट कॅनलमध्ये त्या काढत नाहीत. कीड आत उतरली तेव्हाच मुळाच्या टोकाशी सूज आलेली असते. त्यावर आम्ही बारीक सुयांनी मुळाची नळी टोकापर्यंत घासतो आणि सोडियम हायपोक्लोराइट या जंतू मारणाऱ्या औषधानं धुतो. मग ते अस्तर चिडतं.

यातून एक कामाची खूण हाती लागते. रूट कॅनल झालेली दाढ चावताना, दाबल्यावर, बोटानं ठोकल्यावर दुखू शकते. गार पाण्यानं मात्र तिला कळ यायला नको. दोन-चार दिवसांनीही गार पाणी लागून झिणझिणी येत असेल, तर एक तर शेजारचा दात दुखतोय किंवा एखादी नळी सापडायची राहिली आहे. वरच्या पहिल्या दाढेला तीनऐवजी चार नळ्या असणं अगदी नेहमीचं आहे आणि ती चौथी फार बारीक असते. फोनवर नुसतं "दुखतंय" सांगण्यापेक्षा "चावल्यावर दुखतंय" की "गार लागतंय" हे सांगितलंत, तर डॉक्टरचं अर्धं काम तिथंच होतं.

किती दिवस दुखेल? पहिल्या २४ तासांत दहापैकी साधारण चार जणांना थोडंफार दुखतं. दोन-तीन दिवसांत ते झपाट्यानं उतरतं आणि आठवड्यानंतर दहातल्या एखाद्यालाच उरतं. चावताना हलकीशी जाणीव त्यानंतरही काही दिवस राहू शकते. जो माणूस आठ-आठ दिवस ठणका सोसून, रात्र-रात्र जागून येतो, त्याला नंतरही जास्त दुखतं. "दुखणं थांबलं की बघू" म्हणत दिवस ढकलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जायच्या आधीच करायच्या गोष्टी

उपाशी जाऊ नका. दाताच्या कामाला उपाशीपोटी जायचं असतं हा समज कुठून आला कोण जाणे, पण खेड्यातून सकाळची पहिली एसटी धरून आलेले कितीतरी लोक नुसत्या चहावर खुर्चीत बसतात. मग भुलीच्या इंजेक्शननं चक्कर येते आणि नंतर उपाशीपोटी गोळी घेतली की आग पडते. पोटभर जेवून या. बीपीची, शुगरची गोळी रोजच्या वेळेला घ्या. शुगरवाल्यांनी तर जेवण आणि गोळी दोन्ही चुकवू नये.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. "बीपीची पांढरी गोळी हाय एक" एवढ्यावर काही ठरवता येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी, दमा, किडनीचा त्रास, पोटातला अल्सर, एखाद्या औषधानं पूर्वी अंगावर उठलेल्या गांधी आणि गरोदरपण, एवढं न विचारता सांगा. वेदनाशामक कोणतं द्यायचं ते यावरच ठरतं.

आणि औषधं तालुक्यातच घ्या. गावी परतल्यावर तिथल्या मेडिकलमध्ये नेमकी तीच गोळी नसते, "हीच घ्या, सेम आहे" म्हणून दुसरी मिळते आणि ती सेम नसते.

खुर्चीवरून उठण्याआधी: चावा

सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. रूट कॅनलनंतर लांबलेल्या दुखण्यामागे अनेकदा फार साधं कारण असतं: वर भरलेलं सिमेंट केसभर उंच राहिलेलं असतं. तोंड मिटलं की बाकीच्या दातांच्या आधी हीच दाढ टेकते. आधीच चिडलेल्या अस्तरावर प्रत्येक घोटाला, प्रत्येक घासाला, झोपेत दात आवळले की तेव्हाही हातोडी पडते. मुरगळलेल्या पायावर दिवसभर उभं राहिल्यावर तो बरा कसा होणार?

म्हणून डॉक्टर शेवटी एक निळा किंवा लाल पातळ कागद दातांमध्ये धरून "चावा, घासा" म्हणतात. सिमेंटवर जिथं गडद ठिपका उठतो तिथं उंच आहे, तेवढं मशिननं घासतात. पुन्हा कागद, पुन्हा चावा. अडचण अशी की तेव्हा तुमचा अर्धा जबडा बधिर असतो. तुम्ही वाकडंच चावता आणि "बरोबर वाटतंय का?" विचारलं की घरी जायच्या घाईत मान डोलावता. तसं करू नका. सरळ बसा, मागच्या दातांवर दात ठेवा, डावी-उजवीकडे सरकवून बघा. शंका वाटली तर परत कागद लावायला सांगा. कोणताही डॉक्टर त्यासाठी रागावत नाही.

खरी परीक्षा भूल उतरल्यावर. घरी आरशासमोर बसा, ओठ सैल सोडा आणि दात अगदी हलके मिटा. तीच दाढ आधी टेकतेय का? टेकत असेल तर गोळ्या खात आठवडा काढू नका, दुसऱ्या दिवशी सरळ परत जा. पाच मिनिटांचं काम असतं, भूलही लागत नाही, आणि पुष्कळांना त्याच संध्याकाळी फरक पडतो. चाळीस किलोमीटरवरून पुन्हा यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, हे मला कळतं. पण उंच राहिलेली दाढ गोळीनं खाली बसत नाही.

पहिले काही तास

खालच्या दाढेची भूल दोन ते पाच तास राहते. ओठ नि जीभ बधिर असेपर्यंत खाऊ नका, चहाही नको. गरम कळत नाही आणि गाल किंवा ओठ चावला गेलेला समजत नाही. लहान मुलांवर तर लक्षच ठेवा. त्यांना त्या जाड झालेल्या ओठाची गंमत वाटते, ती तो चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजलेला असतो.

गोळी मात्र भूल उतरायच्या आधीच घ्यायची. ठणका सुरू झाल्यावर गोळी घेतली तर तिचा असर व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तेवढ्यात दुखणं डोक्यावर बसलेलं असतं. भुलीचा असर उतरेपर्यंत गोळीचा चढलेला असेल असं जमवा. दवाखान्यातून निघताना जेवण होऊन फार वेळ झाला नसेल तर तिथंच पाण्याच्या घोटाबरोबर घेऊन मोकळे व्हा.

गालावरून गार शेक द्या. बर्फाचे खडे रुमालात गुंडाळून १५ मिनिटं गालाला लावा, मग तेवढाच वेळ काढा, असं पहिल्या दिवशी चार-पाच वेळा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका, तोंडात तर नकोच. लाइट नाही, फ्रिज बंद आहे, तर रसवंतीवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणा. तेही नसेल तर रांजणातल्या पाण्यात पंचा भिजवून पिळा आणि गालावर ठेवा. बर्फाइतका नाही, पण उतार पडतो.

गरम शेक मात्र नको. आपल्याकडे कुठं काही दुखलं की तव्यावर फडकं तापवून शेकायची सवय आहे. पाठीला, गुडघ्याला ठीक आहे. दाताच्या सुजेला गरम शेक दिला की तिथलं रक्त वाढतं, सूज फुगते, आणि आत पू असेल तर तो गालाच्या बाजूला सरकायला वाट मिळते. सकाळी लिंबाएवढी असलेली सूज रात्रभर शेकून मोसंबीएवढी करून आलेले लोक मी बघितलेत.

गोळ्या: कोणत्या, किती, कशा

पुढचं सगळं मोठ्या, एरवी तब्येत ठीक असलेल्या माणसासाठी आहे. तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर वेगळं लिहिलं असेल तर चिठ्ठीच खरी.

दाताच्या दुखण्याला आयबुप्रोफेन चांगलं लागू पडतं, कारण ते दुखणं आणि सूज दोन्हींवर काम करतं. ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, जेवण झाल्यावर, सहा ते आठ तासांनी. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय दिवसात अशा तीनपेक्षा जास्त नाहीत, म्हणजे १,२०० मिलिग्रॅम. तिच्याबरोबर पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम घेतलं तर दोन्ही मिळून एकेकट्या गोळीपेक्षा चांगलं काम करतात. पॅरासिटामॉल दिवसभरात ३,००० मिलिग्रॅमच्या आत ठेवा. रोज दारू पिणाऱ्यांनी आणि लिव्हरचा त्रास असणाऱ्यांनी त्याहूनही कमी, आणि विचारूनच.

आता इथं एक खड्डा आहे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत दोन्ही औषधं आधीच एकत्र असतात. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० आयबुप्रोफेन आणि ३२५ पॅरासिटामॉल असतं. ती घेतली, वर डोलो ६५० घेतली, म्हणजे पुन्हा पॅरासिटामॉलच, त्यात सर्दीची गोळी चालू, तिच्यातही पॅरासिटामॉल. नावं तीन, औषध तेच. पाकिटामागचे बारीक अक्षरांतले घटक वाचा, नाही वाचता आले तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला लावा.

पाण्यात विरघळवून घ्यायची केटोरोलॅकची गोळी दातांचे डॉक्टर पुष्कळ देतात. उतार लवकर पडतो, त्यामुळे लोक तिचं नाव पाठ करून ठेवतात आणि पुढच्या वेळी परस्पर आणून खातात. ती पाच दिवसांच्या वर घ्यायची नसते आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्या जोडीला तर कधीच नाही. या सगळ्या एकाच घरातल्या. एकत्र घेऊन दुखणं दुप्पट कमी होत नाही, पोटात रक्तस्राव व्हायचा धोका तेवढा वाढतो.

ज्यांना आयबुप्रोफेनच्या घरातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनानं घ्यायची नाही, त्यांची यादी नीट वाचा: किडनीचा त्रास, पोटातला अल्सर, असल्या गोळीनं पूर्वी दमा उसळलेला, वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू, हृदयाचा आजार, गरोदर बाई. गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर तर ती टाळायचीच; पॅरासिटामॉलवर भागवावं लागतं. अंगावर पाजणाऱ्या आईला आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही चालतात. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन ७५ घेणाऱ्यांनी डॉक्टरांना वेळ विचारून घ्यावी, कारण आयबुप्रोफेन आधी घेतलं तर ॲस्पिरिनचा उपयोग कमी होतो. आणि पावसाळ्यानंतर गावात डेंग्यूची साथ असताना ताप आला, तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन बाजूला ठेवा. तेव्हा फक्त पॅरासिटामॉल, आणि रक्त तपासून घ्या.

गोळी घड्याळाप्रमाणे घ्या. पहिले दोन दिवस "दुखलं की घेऊ" हा हिशेब चालत नाही. न्याहारीनंतर आठला, दुपारी जेवून दोन-अडीचला, रात्री झोपताना दहाला काही खाऊन. तिसऱ्या दिवसापासून लागेल तशी कमी करा. एका दिवसात बरं वाटलं तर उरलेल्या वेदनाशामक गोळ्या संपवायचीही गरज नाही.

अँटिबायोटिकबद्दल थोडं सडेतोड बोलतो. ठणक्यावर अँटिबायोटिक चालत नाही. ते जंतूंवर चालतं, आणि दाढेतले जंतू आम्ही नळ्या धुऊन काढलेले असतात. चेहऱ्यावर पसरणारी सूज, ताप, असं काही असेल तरच त्याची गरज लागते. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१९ साली दिलेल्या सूचनांतही नुसत्या दातदुखीला अँटिबायोटिक नको असंच म्हटलंय. तरी "डॉक्टर, गोळ्या जरा भारी लिहा" असा आग्रह होतो, आणि आमच्यातलेही काही जण पेशंट नाराज नको म्हणून लिहून देतात. दिलं असेल तर मात्र सांगितलेले दिवस पूर्ण घ्या. त्यात मेट्रोनिडॅझोल असेल तर दारूचा थेंबही नको. उलट्या, धडधड सुरू होते.

मेडिकलवर तीन-चार सुट्या गोळ्यांची पुडी बांधून मिळते तीही नको. आत काय आहे ते तुम्हाला कळत नाही, आणि पुढं काही झालं तर आम्हालाही.

पहिली रात्र

दिवसभर बरी असलेली दाढ आडवं झालं की ठणकायला लागते. डोकं खाली गेलं की चेहऱ्याकडचं रक्त वाढतं, त्याचा हा ठोका. उशीवर अजून एक उशी घ्या किंवा गोधडीची घडी करून उशाला द्या, म्हणजे डोकं छातीपेक्षा चांगलं वर राहील. त्या कुशीवर झोपू नका. झोपण्याआधीची गोळी चुकवू नका.

वाकून करायच्या कामालाही हेच लागू. सोयाबीनची काढणी, कापूस वेचणी, पाण्याच्या घागरी उचलणं, पहिला दिवस तरी दुसऱ्या कोणावर सोपवा. खुरपायला बसलं की दोन तासांत गाल धडधडायला लागतो, आणि मेच्या उन्हात तर विचारूच नका.

खायचं काय

"पथ्य काय?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. भातानं पू धरतो, वांगं वातूळ, आंबट खाल्लं की चिघळतं असं घरोघरी सांगतात आणि पेशंट दोन दिवस नुसत्या दुधावर राहतो. यातलं काहीही दाढेला बाधत नाही. भात खा, वांगं खा, ताक प्या. पथ्य एकच, त्या बाजूनं चावायचं नाही.

आपलं नेहमीचं जेवण त्यासाठी अगदी सोयीचं आहे. ज्वारीच्या कण्या आणि ताक, मुगाची खिचडी, पिठलं-भात, उपीट, वरणफळं, शिरा, दही-भात, केळी. भाकरी सोडवत नसेल तर ताजी, मऊ भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करा आणि दुसऱ्या बाजूनं खा. वेळअमावस्येला शेतात जेवायला बसला असाल तर आंबील पोटभर प्या, भज्जी चालेल, उंडे जरा मऊ करून. येसराची आमटी, ठेचा यांनी दाढेचं नुकसान होत नाही, पण काम करताना हिरडीला ओरखडा गेला असेल तर झोंबेल. पहिले दोन दिवस तिखट बेतानं ठेवा.

टाळायचं ते कडक आणि चिकट: ऊस, सुपारी, चिक्की, गूळ-शेंगदाणे, फुटाणे, खारीक, बोराची आठळी, हुरडा. हुरडा मऊ वाटतो, पण त्याचे दाणे तात्पुरत्या सिमेंटच्या कडेला जाऊन बसतात. फार गरमही नको, कोमट ठेवा.

भूल उतरली की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू करा. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा, जेवणानंतर. जोरात खळखळाट नको; पाणी तोंडात धरून मान एका बाजूला कलंडवा आणि सोडून द्या. हिरडी त्यानं शांत होते. ब्रश त्या दाढेवरही फिरवायचा, मऊ हातानं. दुखतंय म्हणून आठ दिवस तो कोपरा तसाच सोडला की हिरडी सुजते आणि मग कशानं दुखतंय तेच कळेनासं होतं.

घरचे उपाय, आणि त्यांतले घातक

लवंगेच्या तेलाचं दातांशी जुनं नातं आहे. रूट कॅनलनंतर तोंडात जी लवंगेसारखी चव राहते ती बहुतेक वेळा तात्पुरत्या सिमेंटचीच, त्यात लवंगेतलंच युजेनॉल असतं. पण नस काढलेल्या दाढेवर वरून तेल लावून काही साधत नाही, कारण दुखणं मुळाच्या टोकाशी आहे आणि तिथवर ते पोचत नाही. उलट तेल नुसतं, पातळ न करता लावलं तर हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीला दाबून धरणाऱ्यांची हिरडी तर पांढरी होऊन सालपटं निघतात. गोळी पोटात गेली तरच काम करते.

मिश्री. हे लिहायला हवं, कारण आपल्याकडे बायकांत अजूनही ती सर्रास चालते आणि "दुखत असलं की मिश्रीनं बरं वाटतं" असं आईकडून मुलीकडे आलेलं असतं. भाजलेली तंबाखूच ती. निकोटीननं घडीभर बधिर वाटतं, तेवढंच. हिरडीचा रक्तपुरवठा त्यानं कमी होतो आणि जखम भरायला वेळ लागतो. तंबाखू-चुना, गुटखा, बिडी यांचंही तेच. कायमची सोडा असं मी प्रत्येकाला सांगतो, ऐकतात थोडे. निदान आठवडाभर तरी त्या बाजूला नको.

अजून एक. वरच्या दाढेला हात लावला की नजर जाते, हा समज पक्का बसलाय. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. भुलीनं कधी डोळ्याखालचा गाल बधिर होतो. काही तासांत उतरतो.

दुसरा आणि तिसरा दिवस

दुखणं आदल्या दिवसापेक्षा कमी आहे ना, एवढंच बघा. सकाळी जबडा आखडल्यासारखा वाटेल, तोंड पूर्ण उघडायला जड जाईल. तास-दीड तास आ वासून ठेवल्याचा आणि इंजेक्शनच्या सुईचा तो परिणाम आहे. हळूहळू तोंड उघडायचा-मिटायचा व्यायाम करा. सूज नसेल तर आखडलेल्या स्नायूंना कोमट फडक्याचा हलका शेक या दिवशी चालतो. खालच्या दाढेची कळ कानात जाते, वरचीची कपाळाकडे. त्यासाठी कानात तेल घालायला नको.

काहींना मात्र पहिला दिवस बरा जाऊन नंतर एकाएकी जबर ठणका सुरू होतो, गालही थोडा सुजतो. थोड्या लोकांना होतं, पण होतं. मुळाशी पू असलेल्या दाढेत जास्त. काम बिघडलं असा त्याचा अर्थ नाही. अशा वेळी घरी अंदाज बांधत बसू नका. दाढ पुन्हा उघडून आतला दाब मोकळा करावा लागतो किंवा औषध बदलावं लागतं, आणि ते केलं की तासाभरात माणसाचा चेहरा बदलतो.

हे दिसलं तर थांबायचं नाही

सूज दुसऱ्या दिवसानंतर वाढतच चाललीय, ताप आणि थंडी, डोळा मिटायला लागलाय, तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शुगर असलेल्यांनी तर निम्म्या लक्षणावर. गोळीनं अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, तर गोळी बंद करून लगेच दाखवा.

आणि जबड्याखाली, गळ्यावर कडक सूज, थुंकी गिळवेना, जीभ वर उचलल्यासारखी, आवाज बदललेला, श्वासाला त्रास: हे दातांच्या दवाखान्याचं काम राहिलेलं नाही. रात्री दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करा आणि जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं वैद्यकीय महाविद्यालय गाठा. दाताचं इन्फेक्शन गळ्यात उतरून श्वासनलिका दाबू शकतं. सकाळची वाट बघायची नाही.

डॉक्टर बदलायची वेळ आली तर आधीचा एक्स-रे आणि चिठ्ठी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि आपापल्या जिल्हा रुग्णालयातही दातांचा विभाग असतो.

दुखणं थांबल्यावर

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. पहिल्या बैठकीत नस निघाली, ठणका थांबला, माणूस पुढच्या तारखेला येतच नाही. पेरणी आली, लग्नसराई आली, सहा महिने जातात. आत फक्त औषध आणि वर तात्पुरतं सिमेंट असतं, जे काही आठवड्यांपुरतंच टिकतं. ते झिजतं, लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात आणि तीच दाढ पहिल्यापेक्षा वाईट दुखते. सिमेंटचा थोडा चुरा निघाला तर काळजी नको. पूर्ण निघालं, जिभेला खड्डा लागला, तर एक-दोन दिवसांत जाऊन भरून घ्या. तोवर गुळण्या करा, काडीनं कापूस कोंबू नका.

नळ्या भरून झाल्या की दाढेला कॅप, म्हणजे वरून बसवायचं टोपण, लागतेच, शक्यतो महिन्याभरात. कीड आणि खोदकाम यांत दाढेच्या भिंती पातळ झालेल्या असतात. कॅपविना हरभरा फोडला आणि दाढ उभी चिरली, तर ती काढण्यावाचून इलाज नसतो. काही आठवड्यांनी चावताना एका ठराविक जागीच, चावा सोडताना कळ येत असेल, तर अशा चिरेची शंका घ्या आणि दाखवा.

कॅप बसवताना पुन्हा तोच निळा कागद, तीच परीक्षा. नवी कॅप दोन-तीन दिवस परकी वाटते, हिरडीला जरा दाब वाटतो. त्यानंतरही तीच आधी टेकत असेल तर घासून घ्या. सहा महिने ते वर्षानं एकदा एक्स-रे काढा, विशेषतः मुळाशी पू होता त्यांनी. जाताना जुना एक्स-रे किंवा त्याचा मोबाइलमधला फोटो सोबत न्या. मुळाच्या टोकाशी हाड भरून आलंय का, हे दोन्ही शेजारी ठेवल्यावरच नीट कळतं.